ॲव्हरेज देते किती, घेते किती?

नवी गाडी दारात उभी राहिली, हार-नारळ झाला, पेढा तोंडात पडला, की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज किती देते?" रंग कोणता, बैठक कशी, इंजिनाची ताकद किती, या चौकश्या मागाहून. मालकही मग छाती पुढे काढून एक आकडा सांगतो. कंपनीच्या पुस्तकातला आकडा, शेजाऱ्याला सांगितलेला आकडा आणि पंपावरच्या पावत्यांवरून निघणारा आकडा, हे तिघे सख्खे भाऊ खरे, पण त्यांची तोंडे एकमेकांशी क्वचितच जुळतात!

थट्टा सोडून द्या. बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न पोटाचा आहे. जिल्ह्याचे तालुके तेरा. त्यांपैकी मुंबई-हावडा रेल्वेमार्ग जातो तो उत्तरेच्या पट्ट्यातून, म्हणजे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा, आणि जलंबाहून एक फाटा खामगावला गेला आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा या घाटावरच्या सहा तालुक्यांना रेल्वेचे स्टेशन नाही. सोयाबीनची पोती बाजारात न्यायची असोत, अडलेली बाई दवाखान्यात न्यायची असो, की पोराला कॉलेजात पोचवायचे असो, सारे काही डिझेल-पेट्रोलवर चालते. अशा मुलखात एक लिटर वाचला तर तो वाचावा, असे कोणाला वाटणार नाही?

वाचावा हे खरेच. परंतु लिटर फुकट वाचत नसतो. तो वाचवण्यासाठी दुसरे काही तरी द्यावे लागते. कधी वेळ, कधी ताकद, कधी स्वच्छ हवा, तर कधी जिवाची सुरक्षितता. आपण काय देतो आहोत हे ठाऊक असले म्हणजे सौदा शहाणपणाचा होतो. ते ठाऊक नसले, तर पावलीच्या फायद्यासाठी माणूस रुपया गमावून बसतो.

जुन्या लोकांना याचा धडा दुसऱ्या महायुद्धाने दिला होता. पेट्रोलचे रेशनिंग झाले, तेव्हा आपल्याकडे मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या बसवण्यात आल्या. लोणारी कोळसा अर्धवट जाळून निघालेला वायू इंजिनात सोडायचा आणि त्यावर बस हाकायची. पेट्रोल वाचले ते जवळजवळ सोळा आणे. पण इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटे, निघण्यापूर्वी भट्टी पेटवून वारा घालत बसावे लागे, आणि मोठा चढ आला की उतारू खाली उतरून पायी चालत. पेट्रोलचा पैसा वाचला. तो उतारूंच्या पायांतून वसूल झाला.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणेकर आपल्या जिल्ह्याचे दोनच भाग सांगतो. घाटावरचा आणि घाटाखालचा. खाली पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे, वर अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पठार. मलकापूर-मोताळ्याकडून बुलढाण्याला यायचे म्हणजे राजूरचा घाट चढावा लागतो. खामगावकडून यायचे म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्यातून बोथ्याचा. इंधनाचा हिशेब समजून घ्यायला याहून चांगली शाळा नाही.

समजा, उतारूंनी भरलेली एस.टी. १४ टन वजनाची आहे आणि तिला ३०० मीटर उंच चढायचे आहे. एवढे वजन एवढ्या उंचीवर नेण्याला जी शक्ती लागते, ती सव्वा लिटरपेक्षाही कमी डिझेलमध्ये साठवलेली असते. मात्र इंजिन काही सारे डिझेल कामी लावत नाही. शंभरातले पस्तीस-चाळीस भाग चाकांच्या वाट्याला आले तरी पुष्कळ. बाकीची उष्णता रेडिएटर आणि धुराड्यावाटे निघून जाते. म्हणून नुसत्या चढासाठी तीन लिटरांच्या वर डिझेल लागते. एस.टी. लिटरला साडेचार-पाच किलोमीटर जाते असे धरले, तर सपाटीवर तेवढ्यात ती पंधराएक किलोमीटर गेली असती.

आता उतरताना हे तीन लिटर परत मिळावेत की नाही? मिळत नाहीत. चढताना कमावलेली उंची उतरताना ब्रेकच्या उष्णतेत जळून जाते. विजेवरची बस त्यातला काही भाग बॅटरीत परत भरू शकते. डिझेलच्या गाडीला ती सोय नाही.

आणि इथेच एक जुनी, जीवघेणी समजूत आडवी येते. घाटाच्या माथ्यावर पोचले की गाडी न्यूट्रलवर टाकायची. काही बहाद्दर तर इंजिनच बंद करतात. "उताराला डिझेल कशाला जाळायचे?" असा त्यांचा बिनतोड वाटणारा सवाल असतो. कार्बुरेटरच्या पेट्रोल गाड्यांच्या काळी या सवयीने थोडेफार पेट्रोल वाचत असे, हे कबूल केले पाहिजे. आजच्या इंजिनात गोष्ट उलटी आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलवर टाकली, की इंजिन फिरते ठेवण्यासाठी पुन्हा डिझेल लागते. म्हणजे बचतीसाठी केलेल्या युक्तीने खर्चच वाढतो.

इंजिन सपशेल बंद केले तर? मोठे इंजिन नुसते चालू ठेवायला तासाला लिटर-दीड लिटर डिझेल पिते. घाट उतरायला दहा मिनिटे धरली, तर वाचणार ते फार तर पाव लिटर. एक चहा आणि एक प्लेट भज्यांचे पैसे. त्या पैशांसाठी काय गहाण पडते ते पाहा. गिअर नसला की इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, आणि फार तापले की लागेनासे होतात. इंजिन बंद असले तर हवेच्या ब्रेकला हवा पुरवणारा कंप्रेसरही बंद, आणि स्टिअरिंग दगडासारखे जड. एका बाजूला भज्यांची प्लेट, दुसऱ्या बाजूला चाळीस-पन्नास माणसे. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. आता तर त्यात डिझेलचीही बचत आहे.

बावीस मिनिटांचे दोन लिटर

घाटाची कथा ही वजनाची कथा. जिल्ह्याच्या दक्षिण भागात आता दुसरी कथा सुरू झाली आहे, ती वेगाची. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. त्यातला सुमारे ८७ किलोमीटरचा तुकडा मेहकर-सिंदखेडराजा या बाजूने बुलढाणा जिल्ह्यातून जातो. मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे.

ताशी चाळीसच्या वेगात हवा आपल्याला जाणवतही नाही. वेग वाढला की तीच हवा भिंतीसारखी समोर उभी राहते. तिचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो; वेग दुप्पट झाला तर रोध चौपट. ८० चा वेग १२० वर नेला, म्हणजे दीडपट केला, तर हवेचा रोध सव्वादोन पट होतो.

एखादी मध्यम मोटार ८० च्या वेगाने लिटरला २० किलोमीटर जात असेल, तर १२० ला ती तेरा-चौदावर येईल, असा साधारण अंदाज धरू. जिल्ह्यातले ८७ किलोमीटर तोडायला पहिल्या वेगाने ६५ मिनिटे आणि साडेचार लिटरांच्या आत पेट्रोल लागेल. दुसऱ्या वेगाने सुमारे ४३ मिनिटे आणि सव्वासहा-साडेसहा लिटर. थोडक्यात, बावीस मिनिटे दोन लिटरांना विकत घेतली. आजारी माणसाला मोठ्या इस्पितळात नेणाऱ्याला हा सौदा स्वस्त आहे, आणि देवदर्शनाला निघालेल्या कुटुंबाला महाग. रस्ता तोच, गाडी तीच. पण बावीस मिनिटांचे मोल माणसागणिक निराळे.

अमेरिकेने हा प्रयोग साऱ्या देशावर करून पाहिला. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाची किंमत काही महिन्यांत चौपट झाली, तेव्हा १९७४ साली तेथे ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, अशी देशभर वेगमर्यादा लागू झाली. तेलाची बचत अपेक्षेपेक्षा कमीच झाली. पण गंमत अशी, की १९७३ च्या मानाने १९७४ साली रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे नऊ हजारांनी घटले. लोकांचा प्रवासच कमी झाला होता, हेही त्याचे एक कारण. तरी कमी वेगाचा वाटा मोठा होता. तेल वाचवायला गेले आणि माणसे वाचली! लांब पल्ल्याच्या प्रवाशांना आणि ट्रकवाल्यांना मात्र तो वेग जाचू लागला आणि १९९५ साली ती देशव्यापी मर्यादा उठली. वेळही पैसाच असतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

टायरातली हवा आणि बसचा पत्रा

बिनखर्चाची बचत म्हणून सगळे जण टायरातल्या हवेकडे बोट दाखवतात. हवा कमी असली की टायर बसतो, रस्त्याला जास्त चिकटतो, आणि दर फेऱ्याला दबून-उठून तापतो. त्या तापण्यात इंधन जाते. उन्हाळ्यात तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर, मोठ्या वेगात, असा टायर फुटण्याचा धोका निराळाच. तेव्हा आठवड्याला हवा तपासणे हे पैशाचेही काम आहे आणि जिवाचेही.

पण काही शहाणे पुढची पायरी गाठतात. कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त हवा भरतात. टायर टणक झाला की गाडी खरोखर हलकी पळते आणि ॲव्हरेज थोडे वाढते. मात्र मग टायरचा मधला भागच तेवढा रस्त्याला टेकतो, पकड कमी होते, ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाऊन थांबते आणि टायर मधोमध झिजतो. पेट्रोलच्या वहीत जमा झालेली रक्कम टायरच्या वहीत खर्ची पडते. पहिल्या पावसात ओल्या घाटात तर हिशेब वहीपुरता राहत नाही.

वजनाचेही असेच आहे. गाडी हलकी तितके इंधन कमी, हे शाळकरी पोरही सांगेल. आपली एस.टी. वर्षानुवर्षे अल्युमिनियमच्या पत्र्याची होती, ती याच कारणाने सोयीची. पण अपघातात तो पत्रा कागदासारखा फाटतो, म्हणून गेल्या काही वर्षांत महामंडळाने दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील आपल्या कार्यशाळांत पोलादी सांगाड्याच्या बसगाड्या बांधावयास घेतल्या. पोलाद हे अल्युमिनियमपेक्षा जवळजवळ तिप्पट जड. कमी जाडीचे वापरून वजन आवरता येते, पण वजनाचा प्रश्न पाठ सोडत नाही. वाढलेला प्रत्येक किलो रोज, गाडीच्या आयुष्यभर, डिझेल मागत राहतो.

तो द्यावा की नाही? १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे होरपळून गेली. इंधनाच्या काटकसरीचा त्या दुर्घटनेशी संबंध नव्हता. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला त्या दिवसानंतर मजबूत सांगाडा, चटकन उघडणारा संकटकालीन दरवाजा आणि आग विझवण्याचे नळकांडे यांच्या वजनाबद्दल तक्रार करवणार नाही. काही डिझेल हे आनंदाने जाळावयाचे असते.

धुराचा व्यवहार

ॲव्हरेजच्या बाबतीत डिझेल इंजिनाचा मान पहिला. रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे तपासले गेले, तेव्हा त्याने इंधनातली शेकडा २६ शक्ती कामी लावून दाखवली; त्या वेळच्या वाफेच्या इंजिनांना त्याच्या निम्मेही साधत नव्हते. हवा जितकी जास्त दाबावी, जळण जितके तापावे, तितके लिटरमागे काम जास्त. पण फार तापले की हवेतला निरुपद्रवी नायट्रोजनही जळतो आणि त्याचे विषारी वायू बनतात. जळण थंड ठेवावे तर काजळी वाढते. इकडे आड, तिकडे विहीर!

यावर उपाय निघाले, पण प्रत्येकाने आपला हप्ता घेतला. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाची मानके लागू झाली. काजळी अडवणारी गाळणी आली. ती भरली की साफ करण्यासाठी थोडे जादा डिझेल जाळावे लागते, आणि नुसत्या गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीची गाळणी लवकर तुंबते. विषारी वायू मारण्यासाठी मोठ्या गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आली. ड्रायव्हर मंडळी तिला "युरियाची टाकी" म्हणूनच ओळखतात. तिचाही खर्च आहे. म्हणून काही जण ही यंत्रणा निकामी करून "ॲव्हरेज वाढले" म्हणून खूश होतात. हा खर्च नाहीसा झालेला नसतो. बसस्थानकाच्या फलाटावर आईच्या कडेवर बसलेल्या पोराच्या फुप्फुसांवर तो चढवलेला असतो. याच मोहात फोक्सवॅगनसारखी जगप्रसिद्ध कंपनी सापडली. तपासणीपुरती स्वच्छ आणि रस्त्यावर घाणेरडी, अशी करामत केलेल्या तिच्या जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या २०१५ साली उघडकीस आल्या.

मक्याचे पेट्रोल

आपल्या पेट्रोलमध्येही आता एक नवा भागीदार आला आहे. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये शेकडा २० इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉल ऊस, तांदूळ यांपासून होते, तसे मक्यापासूनही होते. एका क्विंटल मक्याचे सुमारे ३८ लिटर. बुलढाण्याच्या मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याला त्यामुळे एक नवे गिऱ्हाईक मिळाले, आणि परदेशी तेलावरचा देशाचा खर्च थोडा हलका झाला.

पण लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या मानाने शक्ती सुमारे एक तृतीयांश कमी. तेव्हा ॲव्हरेज थोडे घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या घडणीच्या चारचाकींसाठी शेकडा ६ ते ७, तशाच दुचाकींसाठी ३ ते ४, आणि नव्या मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या चारचाकींसाठी १ ते २ इतकी घट अंदाजली होती. शेतकरी मका विकून जे मिळवतो, त्यातले थोडे तो पंपावर परत देतो. आणि कोंबड्यांच्या खाद्याला तोच मका लागत असल्याने कोंबडीपालन करणारा त्याचा शेजारी महागाईची तक्रार करतो. एकाच बांधावर नफा आणि तोटा शेजारी नांदताना पाहायचे असतील तर ते इथे पाहावेत.

माणशी लिटर

आतापर्यंत आपण लिटरला किलोमीटर मोजले. आता लिटरला माणसे मोजून पाहू. एस.टी. लिटरला साडेचार किलोमीटर जाते, म्हणजे मोटारसायकलवाल्याच्या दृष्टीने ती खादाड. पण तिच्यात ४४ उतारू बसले, तर एका लिटरमध्ये एका माणसाचा सुमारे २०० किलोमीटर प्रवास होतो. लिटरला ५५ देणारी मोटारसायकल दोघांना घेऊन गेली तर ११०. लिटरला १८ देणारी मोटार एकट्या मालकाला घेऊन निघाली, तर तेच १८! जिल्ह्यातले सर्वांत काटकसरी वाहन हे लाल रंगाचे आहे, फक्त ते भरलेले हवे.

आणि भरलेले नसले तर? रात्री आडगावी मुक्कामाला जाणाऱ्या गाडीत कधी आठच माणसे असतात. तेव्हा हिशेब लिटरला ३६ वर घसरतो. कागदावर ती गाडी बंद करणे हीच बचत. पण सकाळी तीच गाडी गावच्या मुलींना शाळेत आणते. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी मोफत पास आहे. गाडीच नसेल तर पास कशाला लावायचा? गावात दुसरे वाहन नसलेल्या म्हाताऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात तीच नेते. इथे वाचवलेले डिझेल एखाद्या मुलीची शाळा सुटण्याच्या किमतीला पडू शकते.

उलट दिशेनेही एक फसगत आहे. १८६५ साली स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने दाखवले, की इंजिने काटकसरी झाली म्हणून देशाचा कोळसा वाचत नाही. काम स्वस्त झाल्याने लोक तो अधिकच जाळू लागतात. आपल्याकडे १९८५ साली हीरो होंडाची १०० सीसीची चार स्ट्रोकची मोटारसायकल आली. त्याआधीच्या दोन स्ट्रोकच्या गाड्या चपळ आणि दुरुस्तीला सोप्या. पण त्या धूर ओकत आणि न जळलेले पेट्रोल थोडे तसेच बाहेर टाकत. नवी गाडी सौम्य, पण कमालीची अल्पाहारी. मग झाले काय? पेट्रोलचा खप घटला नाही. आठवड्यातून एकदा तालुक्याला जाणारा माणूस रोज जाऊ लागला. त्यात वाईट काही नाही. त्याने दूध विकले, पोर शिकवले, सासरवाडीला वेळेवर पोचला. बचत झाली ती पेट्रोलची नव्हे, फेरीच्या खर्चाची, इतकेच ध्यानात ठेवावे.

मग करावे तरी काय? ज्या बचतीच्या बदल्यात काही गमवावे लागत नाही, ती आधी करावी. आठवड्याला टायरची हवा बरोबर ठेवावी, कमी नको, जास्त नको. हवेची गाळणी वेळेवर बदलावी. टपावरचे रिकामे कॅरिअर उतरवून ठेवावे. फाटकाशी गाडी थांबली की इंजिन बंद करावे. पुढचे वळण पाहून पाय आधीच उचलावा, म्हणजे ब्रेकला इंधन घालावे लागत नाही. घाट गिअरमध्ये उतरावा. वेगाच्या बाबतीत निघण्यापूर्वीच ठरवावे, की आज आपल्याला बावीस मिनिटे हवीत की दोन लिटर. आणि धुराची यंत्रणा निकामी करून ॲव्हरेज वाढवून देतो म्हणणारा कारागीर भेटला, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा.

दिवाळीत पणतीची वात किती ठेवावी हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही. वात मोठी केली तर उजेड फार आणि तेल लवकर संपते. फार बारीक केली तर तेल राहते आणि अंगण अंधारात. पाहुणे यायच्या वेळेला त्या वात पुढे सारतात, आणि निजानीज झाली की मागे ओढतात. गाडीच्या टाकीलाही हेच तारतम्य पुरे आहे.